‘जरा संथ आहे, पण बघा!’

चित्रपट संपला, दिवे लागले, की पहिल्या पाच मिनिटांत जी वाक्ये उच्चारली जातात, त्यांचा एक छोटेखानी कोश सहज तयार होईल. ‘पूर्वार्ध चांगला होता.’ ‘शेवट काही पटला नाही.’ ‘कामं मात्र सगळ्यांची मस्त झालीत.’ आणि ज्या चित्रपटाला परदेशात पारितोषिक मिळाले आहे, त्याच्यासाठी राखून ठेवलेले, ‘जरा संथ आहे, पण बघा.’ अनुबोधपटासाठी आणखी एक वाक्य असते : ‘सगळं खरं आहे, पण एकांगी आहे.’ ही वाक्ये आपण सर्वच जण वापरतो, मीही वापरतो. ती बोलताना आपल्याला नेमके काय म्हणायचे असते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. गेल्या काही महिन्यांत तो करण्याचा योग आला, म्हणून हा लेख.

आमच्या इमारतीतील सात-आठ जण महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी एकत्र जमून एखादा चित्रपट पाहतात. भिंतीवर पांढरी चादर, उसना प्रोजेक्टर आणि मध्यंतराला कुणाच्या तरी घरचे पोहे, इतकाच जामानिमा. यात एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, एक शिक्षिका आहेत, माझी कॉलेजात जाणारी भाची आहे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दिवाणी न्यायालयात बत्तीस वर्षे नोकरी करून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांना आम्ही नुसतेच ‘काका’ म्हणतो. काका चित्रपट फारसे पाहत नाहीत. त्यामुळेच त्यांचे मत ऐकण्यासारखे असते.

पहिल्या महिन्यात आम्ही चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ पाहिला. हा चित्रपट २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात ‘ओरिझोन्ती’ विभागात सर्वोत्कृष्ट ठरला, पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले आणि एप्रिल २०१५मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. कथा दोन ओळींत सांगता येते. नारायण कांबळे नावाच्या वयस्क शाहिराला कार्यक्रम सुरू असतानाच मंचावर अटक होते. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली, असा आरोप. मग तारखा सुरू होतात.

अर्ध्या तासातच बँक अधिकाऱ्यांनी चुळबुळ सुरू केली आणि चित्रपट संपल्यावर अपेक्षित वाक्य आलेच : ‘चांगला आहे, पण संथ आहे हो!’ त्यावर काका म्हणाले, ‘संथ? अहो, उलट फार भरभर घेतलंय. इतक्या लवकर साक्षी होतात कुठे?’

हशा पिकला, पण त्या दोन वाक्यांत एक खरा प्रश्न दडलेला होता. चित्रपट संथ असणे म्हणजे नेमके काय? ‘कोर्ट’ दोन तासांहूनही थोडा छोटा आहे. म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने तो आपल्या नेहमीच्या हिंदी चित्रपटापेक्षा बराच लवकर संपतो. मग कंटाळा नेमका कशाचा येतो? उत्तर कॅमेऱ्यात आहे. आपल्या सवयीच्या चित्रपटात कॅमेरा आपल्यासाठी निवड करत असतो. वकील बोलला की वकिलाचा चेहरा, आरोपीने मान खाली घातली की आरोपीचा चेहरा. कुणाकडे पाहायचे, केव्हा हळहळायचे, हे संकलक ठरवून देतो. ‘कोर्ट’मध्ये छायालेखक मृणाल देसाई यांचा कॅमेरा बहुतेक वेळा खोलीच्या एका टोकाला स्थिर उभा असतो. समोर न्यायाधीश, दोन्ही वकील, टंकलेखक, पुढच्या प्रकरणासाठी ताटकळलेले पक्षकार असे सगळे एकाच चौकटीत. आता कुणाकडे पाहायचे, ते तुम्ही ठरवा. हे काम अंगावर पडले की पहिल्यांदा कंटाळा येतो आणि थोड्या वेळाने डोळा आपोआप हिंडू लागतो. माझ्या भाचीने टंकलेखकाकडे पाहायला सुरुवात केली होती. साक्षीदार मराठीत पाच वाक्ये बोलतो, न्यायाधीश त्यातून एक इंग्रजी वाक्य तयार करून टंकलेखकाला सांगतात आणि कागदावर राहते ते फक्त तेवढेच. ‘म्हणजे ती बाई जे बोलली ते कुठेच नाही?’ असे तिने विचारले. काकांनी मान हलवली. ते काही बोलले नाहीत. बोलण्याचा त्यांचा स्वभावच आहे, म्हणून ते न बोलणे लक्षात राहिले.

ती बाई म्हणजे मृत कामगाराची पत्नी. संपूर्ण चित्रपटातील सर्वांत महत्त्वाची माहिती तिच्या साक्षीत आहे आणि ती अत्यंत कोरड्या स्वरात येते. गटारात उतरण्यापूर्वी नवरा झुरळ बाहेर येते का ते पाहायचा. झुरळ दिसले की आत हवा आहे असे समजायचे. वास सहन व्हावा म्हणून तो दारू प्यायचा. आत्महत्येचे तो कधी बोललाच नव्हता. पार्श्वसंगीत नाही, हुंदका नाही. तिला गाडीतून घरी सोडताना बचावपक्षाचा वकील तिला पैसे देऊ पाहतो. ती ते नाकारते आणि काही काम असेल तर सांगा, असे म्हणते. हे दृश्य वेगवान असते तर काय राहिले असते?

इथे एक वास्तव जोडून सांगितले पाहिजे. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घालणारा आणि संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवणारा कायदा २०१३ साली संसदेने केला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूमागे कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचे आदेश दिले आणि ऑक्टोबर २०२३मध्ये ही रक्कम तीस लाखांवर नेली. रक्कम वाढवावी लागली, याचा अर्थ मृत्यू थांबले नव्हते. ‘कोर्ट’मधील सरकारी वकील मात्र या मृत्यूची जबाबदारी एका गाण्यावर टाकते आणि त्यासाठी १८७६ सालच्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याची कलमे एका सुरात वाचून दाखवते. ते वाचन लांबते, म्हणून आमच्याकडे दोघे हसले. मला ते हसणे योग्यच वाटले.

ताम्हाणे यांचे खरे धाडस पुढे आहे. न्यायालयाचे कामकाज संपले की कॅमेरा एकेकाच्या मागे घरी जातो. गीतांजली कुलकर्णी यांनी साकारलेली सरकारी वकील लोकलमधून घरी येते, मुलाला घेते, स्वयंपाक करते, कुटुंबासह परप्रांतीयांवर विनोद करणाऱ्या नाटकाला जाते आणि मनापासून हसते. ती दुष्ट नाही. सहकाऱ्यांशी बोलताना, या आरोपीला वीस वर्षे देऊन टाका म्हणजे सुटलो, असे ती सहज म्हणून जाते. विवेक गोम्बर यांचा बचावाचा वकील सुखवस्तू गुजराती घरातला. सुपरमार्केटमधून चीज आणि वाइन घेणारा. आमच्या शिक्षिकाबाईंना हा भाग अनावश्यक वाटला. ‘खटल्याशी याचा संबंध काय?’ असा त्यांचा प्रश्न. माझ्या मते संबंध आहे, आणि चित्रपटाचा कणाच तो आहे. खटला कायद्याच्या पुस्तकावर चालतो अशी आपली समजूत. तो प्रत्यक्षात चालतो भाजी, मधुमेह, मुलांची शाळा आणि सुट्टीचे बेत यांच्या मधल्या उरलेल्या वेळात. हे वाक्य मी त्या संध्याकाळी बोललो नाही, घरी आल्यावर सुचले. चर्चेत नेहमी असेच होते.

दुसऱ्या महिन्यात कुणीतरी सुचवले, की शाहिराचा विषय निघालाच आहे तर आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ पाहू. अनुबोधपट म्हटल्यावर दोघांनी आधीच काढता पाय घेतला. त्यांचा दोष नाही. आपल्या पिढीच्या मनात ‘डॉक्युमेंटरी’ म्हणजे काय, हे फिल्म्स डिव्हिजनने ठरवले. १९४८ साली स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेचे वृत्तपट आणि माहितीपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवणे अनेक दशके सक्तीचे होते. त्या वेळात आपण आसन शोधायचो, वेफर घ्यायचो, ओळखीचे कुणी दिसते का ते पाहायचो. पडद्यावर धरण बांधले जात असे आणि एक भारदस्त आवाज देशाची प्रगती सांगत असे. (ही संस्था २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिच्यात उत्तम, प्रयोगशील कामही झाले होते. ते आपण वेफर खाताना निसटले.)

मौज अशी, की त्या भारदस्त आवाजाला कुणी ‘एकांगी’ म्हटले नाही. त्यात दुसरी बाजू कधीच नसे, पण बोलणारा दिसत नसे, त्याचे नाव माहीत नसे, म्हणून तो आवाज म्हणजेच सत्य असे आपण धरून चाललो. पटवर्धन यांच्या चित्रपटात उलट आहे. प्रश्न विचारणारा त्यांचा स्वतःचा आवाज कॅमेऱ्यामागून ऐकू येतो. हा माणूस कोणत्या बाजूला उभा आहे, हे पाच मिनिटांत कळते. मग आपण लगेच म्हणतो, एकांगी आहे! वास्तविक ज्याने आपली बाजू उघड केली आहे, त्याच्याशी भांडणे सोपे असते.

‘जय भीम कॉम्रेड’ची जन्मकथा कोणत्याही पटकथेपेक्षा विलक्षण आहे. पटवर्धन यांनी मुंबईतील झोपडपट्ट्या पाडण्याच्या मोहिमेवर १९८५ साली ‘बॉम्बे : अवर सिटी’ हा चित्रपट केला. त्यात विलास घोगरे नावाचा शाहीर गाताना दिसतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला, संतप्त लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि त्यात दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही दिवसांतच विलास घोगरे यांनी गळफास घेतला. ते डाव्या चळवळीतले शाहीर होते. मृत्यूच्या वेळी त्यांच्या कपाळाला निळी पट्टी बांधलेली होती. या निळ्या पट्टीचा अर्थ शोधत पटवर्धन चौदा वर्षे चित्रीकरण करत राहिले. चित्रपट पूर्ण झाला २०११ साली.

कथापट आणि अनुबोधपट यांतला फरक समजावून सांगायचा तर मी याच चित्रपटाच्या सुरुवातीकडे बोट दाखवीन. पडद्यावर तरुण विलास घोगरे गात असतात. हे चित्रण पूर्वीचे आहे. ते घेतले गेले तेव्हा गाणाऱ्याला, कॅमेरा धरणाऱ्याला, कुणालाच पुढचे माहीत नव्हते. आपल्याला मात्र माहीत आहे. एखादा नट कितीही थोर असला तरी त्याने पटकथा वाचलेली असते. पुढे काय होणार, हे त्याला ठाऊक असते. ही अजाणता, हे ठाऊक नसणे, कोणत्याही दिग्दर्शकाला रचून घेता येत नाही. ती फक्त सापडते. आमच्या खोलीत त्या गाण्याच्या वेळी कुणी पोह्यांची बशी उचलली नाही.

गोळीबार का झाला, या प्रश्नावर पोलिसांचा बचाव असा होता की जमाव महामार्गावरचे गॅसचे टँकर पेटवून देणार होता. पटवर्धन हा बचाव खोडण्यासाठी भाषण करत नाहीत. उपलब्ध चित्रफीत दाखवतात, जागा दाखवतात, माणसांना बोलते करतात. गुंडेवार चौकशी आयोगानेही गोळीबार समर्थनीय नव्हता असाच निष्कर्ष काढला होता. २००९ साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या पोलीस उपनिरीक्षकाला जन्मठेप ठोठावली. पुढे त्याला उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. बारा वर्षांचे हे अंतर पडद्यावर लोकांच्या चेहऱ्यांवर दिसते. पुन्हा मुलाखत घेतली तेव्हा केस पांढरे झालेले असतात. रंगभूषाकाराचे काम इथे काळाने केले आहे.

हा चित्रपट मोठा आहे. आम्ही पाहिलेली प्रत सव्वातीन तासांच्या आसपास होती. तो दोष आहे का? माझे स्पष्ट मत असे, की मध्यावर तो थोडा पसरतो. राजकीय सभांचा भाग आटोपशीर झाला असता तर बिघडले नसते. बँक अधिकारी (ते या वेळी आले होते, हे नमूद केले पाहिजे) म्हणाले, की राजकारण्यांना फारच वेळ दिला आहे. शिक्षिकाबाईंना सहा डिसेंबरचा भाग बोचला. चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात आणि शिवाजी पार्क परिसरातले सुशिक्षित रहिवासी कॅमेऱ्यासमोर अस्वच्छतेची तक्रार करतात. दुसरीकडे याच शहराचा कचरा उघड्या हातांनी उचलणारे सफाई कामगार आपल्याला दिसलेले असतात. त्यांची जात कोणती, हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘माझी मावशी तिथेच राहते, तीही हेच बोलते,’ असे शिक्षिकाबाई म्हणाल्या आणि थोड्या वेळाने, ‘मीही बोलले असेन.’ समीक्षेच्या कोणत्याही पुस्तकात हे वाक्य सापडणार नाही. पण अशा चित्रपटाविषयी दिलेले हे सर्वांत प्रामाणिक मत होते.

चित्रपटाचा शेवटचा टप्पा पुण्याच्या कबीर कला मंचाचा आहे. शीतल साठे आणि तिचे सहकारी वस्त्यांमधून जातिअंताची गाणी गातात. शीतलची आई देवधर्म करणारी, मुलीची काळजी आणि कौतुक दोन्ही बाळगणारी. पुढे नक्षलवादाशी संबंध असल्याचा ठपका आल्याने ही मुले भूमिगत झाली आणि चित्रपट त्याच टप्प्यावर संपतो. २०१३ साली त्यांतल्या काहींना अटक झाली. गाणाऱ्याला गाण्याची काय किंमत मोजावी लागते, हा प्रश्न दोन्ही चित्रपटांत एकच आहे. ‘कोर्ट’मधली गाणी संभाजी भगत यांची आहेत आणि ते स्वतः याच शाहिरी परंपरेतले. नारायण कांबळेची भूमिका करणारे वीरा साथीदार हे काही व्यावसायिक नट नव्हते. ते नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक होते. एप्रिल २०२१मध्ये कोविडने त्यांचे निधन झाले. म्हणजे कथापटात एक खरा कार्यकर्ता शाहिराची भूमिका करत होता. आता यात खरे किती आणि रचलेले किती?

या प्रश्नाचा गुंता तिसऱ्या महिन्यात आणखी वाढला. भाचीच्या आग्रहावरून आम्ही शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ (२०२२) पाहिला. सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत पारितोषिक मिळवलेला हा अनुबोधपट दिल्लीच्या वझिराबादमधील दोन भावांविषयी आहे. साबणाचे डिस्पेन्सर बनवण्याच्या व्यवसायाबरोबरच हे भाऊ तळघरात जखमी घारींवर उपचार करतात. घार मांसाहारी, म्हणून पक्ष्यांच्या एका धर्मादाय रुग्णालयाने ती घेतली नाही, तेव्हापासून हे काम सुरू झाले. बाहेर २०१९-२०च्या आंदोलनांचा आणि दंगलीचा काळ आहे; तो खिडकीतून आवाजासारखा आत येतो. छायाचित्रण इतके देखणे, कॅमेऱ्याची हालचाल इतकी ठरवून केलेली, की बँक अधिकारी मध्येच म्हणाले, ‘हे अॅक्टर कोण आहेत?’ त्यांना सांगितले, की हे खरेच ते भाऊ आहेत. त्यावर ते म्हणाले, ‘मग “कोर्ट”मधले न्यायाधीश खरे नव्हते?’

ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कॅमेरा स्थिर, प्रकाश साधा आणि माणसे अनोळखी असली की आपण खरे मानतो. चित्र सुंदर दिसले की रचलेले मानतो. या केवळ सवयी आहेत आणि दिग्दर्शकांना त्या पक्क्या ठाऊक असतात. ताम्हाणे यांनी त्यांचा उपयोग करून कल्पित खटला खरा भासवला. सेन यांनी तीन वर्षांच्या खऱ्याखुऱ्या चित्रणाला कथापटाची लय दिली. निवड दोघांनीही केली. काय ठेवायचे, काय कापायचे, हे दोघांनीही ठरवले. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की घारींवर उपचार करणाऱ्या भावांना चित्रपट संपल्यावर त्याच तळघरात परत जायचे असते. पडद्यावरच्या न्यायाधीशाला कुठेच जायचे नसते. म्हणून अनुबोधपट पाहून ‘मग पुढे त्यांचं काय झालं?’ असे विचारणे अगदी रास्त आहे. कथापटाबद्दल हाच प्रश्न विचारला तर तो प्रश्न खरे तर आपल्या आजूबाजूविषयी असतो.

परवा काकांनी दारावरची बेल वाजवली. ‘कोर्ट’चा शेवट त्यांना पुन्हा पाहायचा होता. उन्हाळी सुट्टीसाठी न्यायालय बंद होते, एकेक दिवा मालवला जातो आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. चित्रपट संपला असे वाटून पहिल्या खेपेला आमच्यातले दोघे उठलेही होते. पण तो पुढे सुरू राहतो. न्यायाधीश कुटुंबासह एका रिसॉर्टवर गेले आहेत. बाकावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागते, पोरे ओरडून त्यांना जागे करतात, ते एका पोराच्या थोबाडीत देतात आणि पुन्हा झोपी जातात. नारायण कांबळे त्या वेळी तुरुंगात आहे.

काकांनी तो भाग दोनदा पाहिला. मग चहा घेताना सांगितले, की मे महिन्याची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी दालनाचे दिवे मालवण्याचे काम त्यांच्याकडेच असे. त्या दिवशी रोजनाम्यात पुढची तारीख लिहून झाली, की फायली बांधताना ते आरोपींची नावे कधीच वाचत नसत.

‘संथ वाटला का?’ मी विचारले.

‘तो दिवा जरा लवकर घालवला त्यांनी,’ काका म्हणाले.